नऊ मिनिटांचे बुवा

कापडे गावचे मुरारीबुवा पंचविशीत मुंबईला गिरणीत होते, तेव्हा रेडिओवर भजन गायचे. तिथला कारभार रोखठोक: नऊ मिनिटं. काचेपलीकडच्या साहेबानं बोट वर केलं की आटपायचं. आवाज चढवायचा नाही, टाळ बडवायचे नाहीत. चार वर्षांत बुवा असे तयार झाले की साहेबाला बोट उचलावंच लागेना. कौतुक झालं, आणि तिथंच घात झाला.

गिरणी बंद पडली, बुवा गावी आले. रेडिओवर गायलेला माणूस म्हणून भजनी मंडळानं पेटी त्यांच्यापुढं ठेवली. पण गावाला हवा गजर! शेवटची ओळ घोळवत, लय चढवत न्यायची, ऐकणारे उठून नाचेपर्यंत. बुवा नेमके त्याच्या तोंडाशी थांबत. जित्याची खोड मेल्याशिवाय जाते थोडीच! दोन मंडळांचा सामना लागे त्या डबलबारीत समोरचं मंडळ दर वेळी बाजी मारून जाई.

यंदा बारी नाते गावात होती. पुतण्या भरत पखवाज वाजवतो. तो सरळच म्हणाला, "काका, ह्या टायमाला गजर झाला नाय, तर पेटी आपल्या साहिलला द्यायची. सगल्यांनी ठरवलंय."

महिनाभर बुवा गोठ्यात गायले. बायको ठकूबाई दारात बसून म्हणे, "थांबू नका. अजून वाडवा." गोठ्यात जमत होतं.

नात्याच्या मंडपात अभंग छान भरला. माणसं पुढं सरकली. भरतनं लय उचलली आणि बुवांचा हात भात्यावरून आपसूक सुटला. पेटी गप्प. बुवा स्वतःच्या हाताकडं बघतच राहिले. समोरच्या बुवांनी तीच ओळ झेलली आणि अख्खा मंडप नाचायला लागला.

"चुकलं रे भरत," परतताना टेम्पोत ते म्हणाले.

"असूं दे काका." भरत रागावला असता तर बरं वाटलं असतं.

पुढच्या बारीला पेटीवर साहिल बसला. बुवांना मानानं नेलं, भरतनं माईक हातात दिला. "काका, वाटेत गाडी लावलीय कुनीतरी, तेवडं सांगा. तुमचा आवाज क्लीअर हाय."

बुवांनी सांगितलं. पांढरी जीप, गाडीचा नंबर, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. मागच्या रांगेतला एकजण चावी शोधत लगबगीनं उठला. चाळीस वर्षांत बुवांच्या आवाजावर मंडपात उठलेला तो पहिला माणूस. बुवांना रडू फुटलं.