आईच्या लॅपटॉपची बॅटरी

लॅपटॉप घरी आला त्याच दिवशी आईने त्याची बॅटरी काढून ठेवली. वापरली की झिजते, असं तिला शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं होतं. बॅटरी मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात, चांदीच्या वाट्यांशेजारी गेली. त्या वाट्यांतूनही आम्ही कधी काही खाल्लेलं नाही. पुढे वर्षानुवर्षं लॅपटॉप भिंतीतल्या प्लगवरच चालला. वाढीव वॉरंटी घेतली होती, तीही एकदाही न वापरता सुखरूप संपली. आईला त्याचा कोण अभिमान!

शाळेतून निवृत्त झाल्यावर ती त्यावर आपल्या माहेरच्या गावाबद्दल लिहायला लागली. खराडीतल्या शेतांना नावं होती, विहिरींना स्वभाव होते, असं तिचं म्हणणं. मी ज्या काचेच्या इमारतीत नोकरी करतो, तिथे तिच्या चुलत्यांची ज्वारी उभी असायची. चुलते माझ्या साहेबांपेक्षा बरे होते, हेही तिने लिहून ठेवलंय.

गेल्या वर्षी ती घरात पडली आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. टेबलाशी बसायला बंदी. पलंगाजवळ प्लग नाही. लांब वायर ओढली, तर ती वॉकरमध्ये अडकून आई पुन्हा पडता पडता वाचली.

"एवढंच ना? कपाटातली बॅटरी काढ," आई विजयी चेहऱ्याने म्हणाली. एवढी वर्षं जपली ती याच दिवसासाठी, असा एकूण आविर्भाव. मी ती काढली, पुसली, बसवली. बॅटरी ठार मेलेली होती.

"अरे, पण वापरलीच नाही, तर संपली कशी?"

"नुसती पडून राहिली की संपते, आई."

अंथरुणाला खिळलेल्या बाईशी असं बोलू नये, हे मला बोलून झाल्यावर सुचलं.

नवा लॅपटॉप घ्यावा, तर तिचं सगळं लिखाण जुन्या फॉन्टमध्ये. दुसरीकडे उघडलं की खराडीच्या विहिरींची नुसती चित्रविचित्र चिन्हं व्हायची. आईने लिहिणं सोडलं आणि ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडू लागली. जेवण अर्धं टाकायची. मला खरोखर भीती वाटायला लागली.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये एक हसतमुख तरुण होता. "सर, हे मॉडेल आता सपोर्टमध्ये नाही. वॉरंटी असताना का नाही आलात?"

"तेव्हा ते बिघडलं नव्हतं."

"तसं वॉरंटीतही बॅटरी कव्हर नव्हतीच म्हणा," तो म्हणाला. बहुधा मला बरं वाटावं म्हणून.

शेवटी बिबवेवाडीत जुन्या लॅपटॉपच्या एका दुकानात तशीच बॅटरी सापडली. कंपनीची नव्हे, पण चालणारी. दुकानदाराने आमची जुनी बॅटरी उलटसुलट करून पाहिली. "अहो, ही तर कोरी करकरीत आहे. पुजली होती का?" मग त्याने दोन बॅटऱ्या समोर ठेवल्या. एकीला सहा महिन्यांची वॉरंटी, दुसरीला वर्षाची. दुसरी महाग. मी आईला फोन लावला.

"सहा महिन्यांची आण. वर्षाची घेऊन काय करू? मी असणार आहे का तेवढे दिवस?"

मला राग आला. मी वर्षाची घेतली.

घरी आल्यावर तिने चष्मा लावून वॉरंटीचं कार्ड अथपासून इतिपर्यंत वाचलं. "ऐकलं नाहीसच," ती म्हणाली. "आता वर्षभर थांबणं आलं. पैसे भरलेली वॉरंटी अशी मध्येच टाकून कसं जायचं?" आणि उशीला टेकून, लॅपटॉप मांडीवर घेऊन ती टाइप करायला लागली. त्या रात्री ती पोटभर जेवली.

आता तिचं लिखाण जवळजवळ पुरं होत आलंय आणि वॉरंटीही संपत आलीय. परवा ऑफिसातून लवकर निघून मी बिबवेवाडीला गेलो आणि ती आणखी वर्षभर वाढवून मिळेल का, असं विचारलं. बॅटरी उत्तम चालू आहे, हेही सांगितलं.

"मग कशाला हवी?" दुकानदार म्हणाला.

मी पाकीट काढून काउंटरवर ठेवलं.