उत्तरेकडची सावा

सावा लग्न होऊन आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आमच्या लेटरबान गावात आली तेव्हा मी शाळकरी पोर होते. तिचा नवरा, बार्टला नावाचा, आमचा शेजारी. त्याच्या आणि आमच्या घरात फक्त एक दगडी गडगा. तो स्कॉटलंडात धरणाच्या बोगद्यांवर कामाला गेला होता, तिथून ही बायको घेऊन आला. ती डोनेगलची, आमच्या कनामारापासून पार उत्तरेची. गावाला हायसं वाटलं, कारण तिचीही भाषा आयरिशच. त्या काळी बाहेरून आलेली सून इंग्रजी बोलणारी निघाली की घरातली मुलं हातची गेली असंच समजायचे.

पहिल्या दिवशी जेवताना तिने बटाटे मागितले. आम्ही बटाट्यांना ‘फटी’ म्हणतो. ती म्हणाली ‘प्रेटी’. बार्टलाचा धाकटा भाऊ हसत सुटला. सासू बॅबीन हसली नाही, पण बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं सावकाश म्हणाली, "फटी, पोरी. फटी." माझी आई तिथे होती. नव्या सुनेचे कान लाल झाले होते, असं तिने घरी येऊन सांगितलं.

दुष्टपणा कुणाच्या मनात नव्हता. पण ‘कशी आहेस’ हे विचारायचीही तिची तऱ्हा वेगळी आणि आमची वेगळी, त्यामुळे तिने तोंड उघडलं की कुणीतरी नक्कल करायचं. चर्चबाहेर, दुकानात, दलदलीत जळणाची माती कापायला गेल्यावर, सगळीकडे. तिचं नावच ‘उत्तरेकडची सावा’ पडलं. वर्षभरात ती आमच्यासारखं बोलायला लागली. इतकं बेमालूम, की परका माणूस फसावा.

आपली भाषा तिने दोन ठिकाणी जपली. एक गाय, आणि दुसरा तिचा थोरला मुलगा फेस्टी. पाळण्यात होता तोवर ती त्याच्याशी स्वतःच्या आईच्या बोलीत बोलायची. तो शाळेत गेला आणि एक दिवस तोंड पाडून घरी आला. सावा गडग्यापाशी कपडे वाळत घालत होती, मी अलीकडे होते.

"आई, माझ्याशी तसं नको ना बोलूस," तो म्हणाला. "पोरं मला चिडवतात."

"बरं," ती म्हणाली. एवढंच. आणि उरलेले कपडे वाळत घातले. पुढे मुलगी झाली, तिच्याशी ती पहिल्यापासून आमच्यासारखंच बोलली. गाय म्हातारी होऊन गेली.

बार्टलाशी तिचं कधी वाजलं नाही. पण तिने मला एकदा सांगितलं, की ती दोघं एकटी असली की इंग्रजीत बोलत. परदेशात भेटली तेव्हा एकमेकांची आयरिश त्यांना नीटशी उमगत नव्हती, म्हणून मोडक्यातोडक्या इंग्रजीत जमलं. ते इंग्रजी दोघांचंही उसनं होतं, त्यामुळे कुणी कुणाला हसायचं नाही. बार्टला वारल्यावर ते इंग्रजीही थांबलं.

तोवर मुलगी ऑस्ट्रेलियात, पर्थला स्थायिक झाली होती आणि फेस्टी गॉलवे शहरात. त्याची बायको डब्लिनची, मुलं इंग्रजी बोलणारी. सावाच्या घरातल्या चार खोल्या रिकाम्या. आमच्याकडे उन्हाळ्यात आयरिश शिकायला शहरांतून माणसं येतात. पोरं येतात, मोठी माणसंही येतात. ती गावातल्या घरांत उतरतात, घरच्यांशी बोलून बोलून भाषा पक्की करतात. सावाने माणसं ठेवायला सुरुवात केली. मी तिला स्वयंपाकात मदत करायला जायची. शिकणाऱ्यांना ती आमच्या बोलीत शिकवायची, चुका सुधारायची. पाहुणे गेले की सप्टेंबरपासून ते घर असं गप्प व्हायचं, की तिच्याकडची किटली उकळल्याचं मला आमच्या अंगणात ऐकू यायचं.

एका जुलैत डिम्फना आली. बेलफास्टच्या एका इस्पितळात स्वयंपाकीण, पन्नाशी ओलांडलेली, धिप्पाड, बोलताना सारखी माफी मागणारी. ती संध्याकाळच्या वर्गांना जाऊन आयरिश शिकली होती, आणि तिकडे शिकवतात ती उत्तरेची. इथल्या वर्गात मास्तरांनी दिवसभर तिचे शब्द बदलून दिले होते. रात्रीच्या जेवणाला ती मेटाकुटीला आलेली दिसत होती. खारवलेलं डुकराचं मांस आणि कोबी वाढून झालं. बटाट्यांचं पातेलं सावाच्या हातात होतं.

"मला अजून दोन प्रेटी द्याल का?" डिम्फना म्हणाली, आणि जीभ चावली. "चुकले. फटी. फटी ना?"

सावाने तिच्या ताटात दोन बटाटे वाढले. मग म्हणाली, "प्रेटी. माझी आई प्रेटीच म्हणायची."

ती हे कसं म्हणाली ते मला लिहून दाखवता येणार नाही. आवाज तिचाच, पण चाल निराळी, वर चढत जाणारी. आम्ही शेजारी इतकी वर्षं, आणि तो आवाज मी फेस्टी शाळेत जायच्या आधी ऐकला असेल तेवढाच.

त्यानंतर दोघींना उसंत नव्हती. वर्ग सुटला की डिम्फना धावत घरी. ती चुकायची, सावा दुरुस्त करायची. कधीकधी सावाच अडायची. धुराड्यात साचलेल्या काजळीला आई काय म्हणायची, ते तिला काही केल्या आठवेना. डिम्फनाने सहज एक शब्द सांगितला, वर्गात शिकलेला. सावा म्हणाली, "हो, हाच," आणि उठून मागच्या दाराबाहेर गेली. बराच वेळ आत आली नाही. मी भांडी घासत राहिले.

डिम्फनानेच काढलं, की आपण तुझ्या गावी जाऊन येऊ. तिथे उरलेली सावाची एकच बहीण केव्हाच वारली होती. चाळीसहून जास्त वर्षांत सावा तिकडे दोन वेळा गेली असेल, दोन्ही वेळा मयताला. सप्टेंबरात डिम्फना गाडी घेऊन आली आणि दोघी गेल्या. चार दिवस राहणार होत्या, दुसऱ्याच दिवशी परतल्या.

काय झालं ते सावाने मला हळूहळू सांगितलं. तिच्या माहेरच्या घराच्या जागी कुणा शहरी माणसाचा सुट्टीतला बंगला होता. दुकानात तिने आयरिशमध्ये चहाची पुडी मागितली, पोरीने गोड हसून इंग्रजीत उत्तर दिलं. मग फाटकाशी एक म्हातारा भेटला, तिच्याच वयाचा. तिला बरं वाटलं, ती त्याच्याशी बोलत राहिली. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"छान बोलता हो तुम्ही," तो म्हणाला. "कनामाराच्या का?"

"तू काय म्हणालीस मग?" मी विचारलं.

"हो म्हटलं. त्याला काय सांगत बसणार?"

डिम्फना तिला गाडीत म्हणत होती, की तू माझ्यासारख्यांशी बोलतेस हे थोडं नाही. आमच्या शहरात तुझ्यासारखं बोलणारं कुणी हवं म्हणून लोक जीव टाकतात, तू बेलफास्टला ये, माझ्याकडे राहा. सावाने नाही म्हटलं. तिथे गेले तर मला ऐकायला वर्ग भरेल, ती मला म्हणाली, पण सकाळी दार उघडून कोंबड्यांबद्दल कुणाशी बोलू?

डिम्फना अजून दर जुलैत येते. आता तिचे गुडघे गेलेत, जिना चढवत नाही, म्हणून सावाने तिला खालची खोली करून दिली आहे. बाकीचं वर्ष फोन असतो, रविवारी दुपारी. फेस्टी नाताळला येतो, पन्हळ साफ करून देतो, जेवतो आणि अंधार पडायच्या आत निघतो. त्याच्याशी ती आमच्या बोलीत बोलते, एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. नातवंडं मोबाइलवर असतात.

गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे ब्रेड द्यायला गेले. रविवार होता हे ध्यानात नव्हतं. मागच्या दारापर्यंत पोचले आणि थांबले. आत ती फोनवर बोलत होती, भराभर, मध्येच कुणाची तरी नक्कल करत, आणि हसत होती. मोठ्याने, श्वास लागेपर्यंत. सावा चेष्टेखोर बाई आहे हे मला माहीत नव्हतं. गावात कुणालाच माहीत नसावं. अर्धंअधिक मला कळलंही नाही.

फोन संपेपर्यंत मी बाहेरच उभी राहिले. मग दार वाजवलं. तिने उघडलं, डोळे पुसले, आणि आमच्यासारखं विचारलं, कशी आहेस म्हणून.