दादाला आधी सांगायचं

नव्या कंपनीत माझी पहिली चूक पॅसेजमध्ये झाली. दोन पोरी समोरासमोर उभ्या राहून हातांनी बोलत होत्या आणि मला त्यांच्या मधून पलीकडं जायचं होतं. मी थांबलो, वाकलो, हात जोडले, ‘सॉरी’ म्हणालो आणि तसाच वाकून पलीकडं सरकलो. तेवढा वेळ त्यांचं बोलणं तुटलं. नंतर क्लासमध्ये कळलं की अशा वेळी सरळ चालत निघून जायचं असतं. मी जितका अदबीनं वागलो तितका जास्त आडवा आलो होतो.

कुरकुंभच्या केमिकल प्लांटमध्ये मी एकोणीस वर्षं काढली. तिथं मोठ्या आवाजावर माझं काम चालायचं. आमचा विभाग बंद झाला आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी रांजणगावला गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर म्हणून लागलो. मला दिलेल्या लाइनवरच्या अकरा जणांना ऐकू येत नाही. म्हणून कंपनीची अट होती: आठवड्यातून दोनदा, पहिली पाळी सुटल्यावर, खुणांच्या भाषेचा क्लास करायचा. शिकवणाऱ्या सरांनाही ऐकू येत नव्हतं आणि वर्गात तोंडानं बोलायला बंदी होती. पहिले काही दिवस मी घरी परतलेल्या फौजदारासारखा अवघडून बसायचो, हुकूम द्यायला कोणीच नाही.

पण मजा येऊ लागली. कोणाला हाक मारायची तर टेबलावर थाप मारायची, टाळ्या वाजवायच्या तर हात हवेत हलवायचे. आणि ही माणसं तोंडावर खरं सांगत. लाइन लीडर शिरूरची, पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी. ती मला तू म्हणते की तुम्ही, हे तिच्या बोटावरून कळत नाही. मी सवयीनं इथं तुम्हीच लिहितो. तिसऱ्याच दिवशी तिनं सांगितलं, “केसांचा रंग मानेवर उतरलाय. पुसा.” मला राग आला. आरशात बघितलं तर खरंच उतरला होता.

मग एका शनिवारी घडलं ते. जेवणाच्या सुट्टीत आम्ही सुपरवायझर मंडळी कॅन्टीनमध्ये कशावरून तरी खो-खो हसलो. शेजारच्या टेबलावरून लाइन लीडरनं विचारलं, “काय झालं?” मी हात झटकला. काही नाही, सांगतो नंतर.

जेवणानंतर लाइनवर गेलो तर माझ्याकडं कोणी बघेना. त्यांच्या भाषेत न बघणं म्हणजे कानात बोळे घालणं. मी थाप मारली, समोर जाऊन उभा राहिलो, हात हलवले. अकराच्या अकरा माना खाली, वायरींवर. काम चोख चाललं होतं, तक्रार करायलाही जागा नव्हती. रविवारी आणि सोमवारीही तेच. मंगळवारी पाळी सुटल्यावर, क्लासच्या आधी, मी लाइन लीडरला अडवलं आणि कशीबशी माफी मागितली. माझ्या हातांवर तिचा भरवसा नसावा. तिनं मोबाइलवर टाइप करून स्क्रीन पुढं धरली: “सांगण्यासारखं होतं का नव्हतं ते आम्ही ठरवू. तुम्ही फक्त सांगा. घरी सगळे असंच म्हणतात, नंतर.”

मग मी तो विनोद सांगितला. कॅन्टीनच्या डाळीत एकाला डाळीचा दाणा सापडला, तर दुसरा म्हणाला, आचाऱ्याला दाखवू नको, तो काढून घेईल. मला दहा मिनिटं लागली. तिनं शेवटपर्यंत शांतपणे बघितलं.

“एवढंच?”

“एवढंच.”

“टुकार आहे,” ती म्हणाली, आणि जाऊन सगळ्यांना सांगितला. बुधवारी लाइनवरचे सगळे माझ्याकडं बघत होते.

त्या रात्री शिरूरच्या खोलीवर मला झोप आली नाही, कारण हात झटकायची ती सवय कुठली हे मला माहीत होतं. माझ्या थोरल्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही. गावाकडं, भांडगावला, तो शेत आणि जनावरं बघतो. गाव त्याला मुका म्हणतं, मी दादा म्हणतो, पण ते त्याला ऐकू जात नाही. दोन वर्षांपूर्वी वडिलांना दौंडला दवाखान्यात हलवलं तेव्हा त्यानं मिशीवरून बोट फिरवून, ही आमची वडिलांची खूण, त्यांना काय झालंय असं मला विचारलं होतं. एवढं सगळं कसं सांगायचं म्हणून मी हात झटकला. वडील गेले हे त्याला गाडीतून मयत उतरवताना कळलं. घरातल्या सगळ्यांना आधी माहीत होतं. हे मी आजवर कोणापाशी बोललो नव्हतो.

गुरुवारच्या सुट्टीला घरी गेलो तर बायको म्हणाली, “भावजींच्या मोतीबिंदूची तारीख मिळाली. फुडच्या आठवड्यातला नाही, त्याच्या फुडचा सोमवार.”

“दादाला सांगितलं?”

“त्यांना काय सांगायचंय? गाडीत बसवायचं आन् न्यायचं. लसीला नेलं तवा काय सांगितलं व्हतं?”

ती वाईट बोलत नव्हती. आमच्या घरात असंच चालत आलं होतं, आणि ते मीच चालवलं होतं. पण मला दिसलं ते असं: ज्याचं सगळं जग डोळ्यांतून येतं त्या माणसाला दवाखान्यात नेऊन एक डोळा बांधायचा, आणि का ते सांगायचं नाही. त्यानं काय समजावं?

त्याच दिवशी मी त्याच्यापुढं बसून क्लासमधल्या खुणा केल्या. डॉक्टर. ऑपरेशन. सोमवार. त्यानं कौतुकानं माझे हात बघितले, नातवाचा नाच बघावा तसे, आणि वैरण टाकायला निघून गेला. माझी नवी भाषा त्याला कोणी शिकवलीच नव्हती.

शुक्रवारी मी लाइन लीडरला सगळं सांगितलं, हातांनी, आणि अडलं तिथं मोबाइलवर टाइप करून. वडिलांचंही. तिनं दिलासा दिला नाही. विचारलं, “घरी कोणत्या खुणा आहेत?”

मी आठवून दाखवत गेलो. ये, जेव, म्हैस, दूध, पाण्याची मोटर, लाइट गेली. दाखवता दाखवता लक्षात आलं की बहुतेक सगळी कामंच होती.

“तुमची खूण?”

मी खांद्यावर दप्तराचा पट्टा ओढल्यासारखं केलं. आमच्या दोघांत शाळेत गेलेला मी एकटा. ती म्हणाली, “माझी भाषा त्यांच्यावर लादू नका. करून दाखवा. लाजू नका.” आणि पुढचे तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत अख्ख्या कॅन्टीनदेखत तिनं माझ्याकडून मोतीबिंदूचं नाटक बसवून घेतलं. इतर सुपरवायझर म्हणायचे, “काय साहेब, गॅदरिंग हाय का?” मी ते तिला सांगायचो. लगेच.

पुढच्या गुरुवारी सकाळी गोठ्यासमोर दादाला बसवलं. दुधाचं गाळणं त्याच्या डोळ्यापुढं धरलं: आत्ता असं दिसतं ना? त्यानं मान डोलावली. गाळणं बाजूला ओढलं: मग असं दिसेल. आडवं झोपणं, डॉक्टर, मग उजव्या डोळ्यावर तळवा. बोटानं सूर्य उगवून मावळवला, पुन्हा उगवला, आणि तळवा काढला.

दादानं ते सगळं मला पुन्हा करायला लावलं. मग उठला, माझं मनगट धरलं आणि शेजारच्या आबांच्या ओट्यावर घेऊन गेला. आबांचा मोतीबिंदू मागच्या वर्षी काढला होता. दादानं त्यांची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला, डोळ्यात वाकून बघितलं, मग लांब जाऊन बोटं उभी केली.

“आरं, ह्यो डॉक्टर झाला का काय?” आबा म्हणाले.

“किती बोटं विचारतोय, आबा.”

“तीन हायती, तीन! सांग त्याला, मला त्याच्या मिशीतलं पांढरं केसबी दिसत्यात.”

मी तेही सांगितलं. दादा हसला, घशातून येणारं ते त्याचं हसू. माझं लक्ष त्याच्या मिशीकडं गेलं. खरंच पांढरी झाली होती, आणि मला ते त्या दिवशी दिसलं.

घराकडं येताना तो एक डोळा तळव्यानं झाकून चालत होता, अंदाज घेत. गोठ्याशी थांबून त्यानं दूध काढायची खूण केली आणि भुवया वर केल्या: कोण काढणार? मी बायकोकडं बोट दाखवलं. त्यानं मान हलवली: नाही. म्हैस त्याच्या हातावरची, दुसऱ्याला लाथ घालते. मग त्यानं स्वतःच्या खांद्यावर दप्तराचा पट्टा ओढला. मी. मी काढणार असेन तर तो येणार.

मी तीस वर्षांत म्हशीखाली बसलो नव्हतो. संध्याकाळी त्यानं मला बसवलं. म्हशीनं एकदा बादली उडवली, एकदा मला. दादा माझी बोटं उलगडायचा, पुन्हा सडावर ठेवायचा आणि अंगठा कसा आत घ्यायचा ते दाखवायचा. बायको दारातून म्हणाली, “आता ह्यो कोणता क्लास?” त्या रात्री कंपनीत फोन करून मी सोमवार-मंगळवारची रजा टाकली.

सोमवारी दौंडला सिस्टर थेंब घालायला आली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “पेशंटला सांगा, घाबरू नका.” मी सांगायच्या आत दादानं तिला आपला तळवा उजव्या डोळ्यावर ठेवून दाखवला, सूर्य उगवून मावळवला, आणि तळवा काढला. मग आडवा झाला.

संध्याकाळी पट्टी बांधलेल्या डोळ्यानं तो गोठ्याच्या दारात खुर्ची टाकून बसला. आत जायला डॉक्टरांची मनाई होती. मी म्हशीखाली बसलो. निम्मीअर्धी बादली भरली. मी उठायला लागलो तर त्यानं जोरानं पाय आपटला. मी वळून बघितलं. एका डोळ्यानं बादलीकडं बघत त्यानं हात हलवला. अजून आहे, काढ.