गेटवरचा सॅल्यूट

"काका, तुम्ही डाव्या बाजूला. हत्तीच्या शेजारी."

हत्ती थर्माकोलचा होता. त्याच्या शेजारी मी. अंगात ब्लेझर, छातीवर मेडलं, डोक्यावर पलटणीची टोपी, आणि बूट असे चमकवलेले की त्यात तोंड दिसावं. ओझरच्या रस्त्यावरचं लॉन्स, आणि आमच्या गावच्या आबांच्या मुलीचं लग्न. मला जागा दाखवणारा इव्हेंटवाला होता. कानात वायर, हातात वॉकीटॉकी. भाड्यानं आलेली खुर्ची मोडकी तर नाही ना, असं बघतात तसं त्यानं मला वरून खालपर्यंत बघितलं.

"टोपी काढा आणि फेटा बांधून घ्या. थीम पिंक आहे."

मी म्हणालो, मला सत्काराला बोलावलंय.

"हो, तेच ते. गाडी आली की सॅल्यूट मारायचा. व्हीआयपी असले की जरा कडक."

माझी बायको शेजारीच उभी होती. तिनं पोराच्या लग्नात घेतलेली पैठणी नेसली होती. इव्हेंटवाला तिला म्हणाला, "मावशी, तुम्ही आत लेडीजकडे जा." ती गेली नाही. कुंड्यांच्या मागे जाऊन थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

आठ दिवस आधी आबा स्वतः आमच्या घरी आले होते. आमच्या वस्तीत आबांची गाडी निवडणुकीशिवाय येत नाही. त्या दिवशी आली. आबा खाटेवर बसले, पत्रिका आणि अक्षता माझ्या हातात दिल्या. म्हणाले, "फौजी, तुम्ही यायलाच पाहिजे. मेडलं लावून या. पाव्हण्यांना कळू द्या, आमच्या गावात काय माणूस हाय ते." बायकोनं चहा आणला. "आत्ताच झाला," म्हणाले आणि उठले. गाडी वळेपर्यंत मी दारात उभा. मागून आई म्हणाली, "चहा नाय पिला त्यानं." मला तिचा राग आला. म्हातारीला मेलं चांगलं काही दिसतच नाही, असं वाटलं. कारण मी खूश होतो. लय खूश होतो. इतकी वर्षं गावात राहून पहिल्यांदा कुणी मला माझ्या छातीवरच्या पितळेसकट बोलावलं होतं.

कारगिलच्या डोंगरावर माझ्या पायाची बोटं बर्फात राहिली. ते सांगून मला कुणाची कीव नको. पेन्शन घेऊन गावी आलो आणि शेती धरली. जमीन म्हणजे पणज्याला गावकामाच्या बदल्यात मिळालेला वतनाचा तुकडा. सगळा मुरूम. तो आम्ही दोघांनी दगड वेचून वेचून टमाट्याला आणला. पुढं सगळ्या आबांच्या द्राक्षबागा, आणि मागं आमचं रान. रानात जायला एकच वाट, आबांच्या बागेच्या कडेची. आजाच्या आधीपासून आमची बैलं त्याच वाटेनं गेली. त्या वाटेला आबा कधी हो म्हणाले नाहीत, कधी नाही म्हणाले नाहीत. नुसतं बघायचे. त्या बघण्यालाच आम्ही परवानगी समजत आलो. गाव सगळं आबांना दबून असतं. मी त्या वाटेपायी जास्तच दबून होतो.

तर फेटा बांधला. बांधणाऱ्यानं माझी टोपी काढून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ठेवली. तिच्यावर कुणीतरी पाण्याची रिकामी बाटली टाकली. मी मनात ठरवलं होतं, आता आबा दिसले की त्यांना बाजूला घेऊन सांगायचं, हे मला जमणार नाही. शब्दसुद्धा जुळवले होते, चांगले नम्र.

आबा आले. मागे पाहुण्यांचा घोळका. बाहेर एक पांढरी गाडी येऊन थांबत होती, कुणी आमदार की माजी आमदार. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबांनी आवाज चढवला.

"फौजी! साऽवधान!"

आणि माझ्या टाचा जुळल्या.

हात वर गेला. मी नाही नेला. तो गेला. ज्यानं वर्दी घातली नाही त्याला हे कळायचं नाही. डोंगरावर कुणी "खाली!" ओरडलं, तेव्हा मी विचार केला नाही, पडलो. माझ्या शेजारच्यानं मान वर करून विचार केला. तो परत आला नाही. हुकूम झाला की अंग चालतं, म्हणून मी आज जिवंत आहे. ते अंग आबांनी पाहुण्यांपुढं खेळण्यासारखं चावी देऊन फिरवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकानं व्हिडिओ काढला. आबा म्हणाले, "बघा, अजून करंट हाय गड्यात!"

बिनटोपीचा सॅल्यूट फौजेत कुणी मारत नाही. गुलाबी फेट्याचा तर नाहीच नाही. पण हात वर होता. डोळ्यांच्या कडेला कुंड्यांमागची पैठणी दिसत होती. तिनं तोंड फिरवलं.

आणि लाज सांगतो, मी पुढच्या गाड्यांनाही सॅल्यूट मारला. एकदा मारला की मग थांबायचं कुठं, ते कळेना. वाट डोळ्यापुढं होती. रानात टमाटे लाल होत होते. ह्या माणसाला आज नाराज केलं तर उद्या माल काढायचा कुठून? हा हिशेब करत मी हात वर-खाली करत राहिलो. काचा बंद. आतले लोक मोबाईलमध्ये. ज्यांना सॅल्यूट मारला त्यांच्यातल्या एकानंही वर बघितलं नाही.

मग एक गडी गाडीतून उतरला. गॉगल, पांढरे कपडे. आबांना मिठी मारली आणि जाता जाता माझ्या खाली आलेल्या हातात गाडीची चावी ठेवली. "सावलीत लाव."

मी म्हणालो, "मी गाड्या लावणारा नाही."

तो आबांकडं बघायला लागला. आबा हसले. माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल, किती आपुलकी. घरी आले तेव्हा मी 'तुम्ही' होतो. इथं हलक्या आवाजात कानाशी बोलले.

"लाव की. लाजतो काय? तुझा आजा हेच करायचा आमच्या दारात. गेटचं काम तुमच्या घराण्याचंच हाय."

माझा आजा येसकर होता. गावच्या वेशीत राखणीला घुंगराची काठी घेऊन उभा राहायचा. हे मला माहीत होतं, पण असं, ऐकीव गोष्टीसारखं. त्या क्षणी कळलं की आबांना ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मी पत्रिका हातात घेऊन हरखलो होतो तेव्हाही त्यांना माहीत होतं. ते माझ्या घरी फौजी शोधायला आलेच नव्हते. येसकर शोधायला आले होते, आणि ह्या वेळचा येसकर मेडलंवाला मिळाला म्हणून त्यांना आनंद झाला होता.

मी चावी लाल गालिच्यावर टाकली. फेटा उतरवला. तो सुटता सुटेना, एवढा लांब. शेवटी सगळा गोळा करून त्या हत्तीच्या सुळ्यावर टांगला. सुळा मोडला. खुर्चीवरची बाटली फेकली, टोपी झटकली, डोक्यावर नीट बसवली. आबांचा हात खांद्यावरून कधी निघाला ते कळलं नाही.

मी म्हणालो, "आजाला नाही म्हणायची सोय नव्हती. मला आहे. नाही."

आबांचं हसू तसंच होतं, पाहुणे बघत होते ना. दातातल्या दातात म्हणाले, "उद्या रानात कसा जातो ते बघतो."

बायको कुंड्यांमागून पुढं आली. तिचा आवाज मुळात मोठा. मांडवातल्या लोकांनी माना वळवल्या. "चला हो. आपल्याला नाय जेवायचं हितं. ह्यांनीबी आपल्या घरचा चहा नाय पिला."

घरी गेलो. बायकोनं आईला सगळं सांगितलं. मग आई बोलली. आबांच्या आजाच्या लग्नात माझा आजा असाच दारात उभा होता. प्रत्येक बैलगाडीला वाकून "जोहार मायबाप". वऱ्हाड जेवून उठल्यावर उरलंसुरलं धोतराच्या सोग्यात घेऊन यायचा, आणि घरात सण व्हायचा. आईला हे तिच्या सासूनं सांगितलेलं. "म्हनून म्या म्हनलं," ती म्हणाली, "चहा नाय पिला."

आजाची ती काठी आमच्या माळ्यावर होती. घुंगरं गेलेली, नुसती काठी. जुन्याची आठवण म्हणून ठेवलेली. आईनं मला ती काढायला लावली आणि तुकडे करून चुलीत घातली. त्या जाळावर पाणी तापवलं. मी त्या पाण्यानं अंघोळ केली आणि आईनं वाढलेली भाकरी पोटभर खाल्ली.

दुसऱ्या दिवशी वाटेवर जेसीबीनं चर खणला होता. कमरेएवढा खोल, आडवा, ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत. पलीकडं माझे लाल टमाटे. गावातले चार शहाणे आले. "माफी मागून टाक. मोठा माणूस हाय. एक सॅल्यूट मारला तर तुझं काय झिजतं?" एक तर म्हणाला, "लग्नाचं घर होतं, समजून घ्यायचं." त्यांच्यातल्या एकाचाही आजा कुणाच्या दारात उभा नव्हता. मी त्यांना चहा पाजला. त्यांनी पिला. आणि मी फावडं घेऊन निघालो.

चर मला नवा नाही. जन्मभर खणले. दगडात खणले, बर्फात खणले, वरून गोळे पडत असताना खणले. आबांनी माणूस चुकीचा निवडला. मी आणि बायकोनं तो चर बुजवला. क्रेट बाहेर काढले. आबांनी पुन्हा खणला. आम्ही पुन्हा बुजवला. त्या मधल्या दिवसात टमाटे डोक्यावरून रानामागच्या नाल्यातून नेले, निम्मे पिचले. तहसीलदाराकडं अर्ज केलाय. तिथला साहेब म्हणतो, सामोपचारानं घ्या. घेणार नाही.

परवा बुजवत असताना आबांची गाडी आली. मी चरात, कमरेपर्यंत. गाडी थांबली, काच खाली झाली. आबा जुन्या सवयीनं नुसतं बघत राहिले, वाकण्याची वाट बघत. मी टाचा जुळवल्या नाहीत. हात फावड्यावर होता, तो तिथंच राहिला. मीही त्यांच्याकडं बघितलं, काच वर जाईपर्यंत.

हा हात आता झेंड्यापुढं वर जाईल, आणि जो डोंगरावर राहिला त्याच्यासाठी जाईल. तिसऱ्या कुणासाठी नाही. आबा, तुम्ही खणा. जेसीबी तुमचा आहे, डिझेल तुमचं आहे. मी दिवसाउजेडी, सगळ्या गावादेखत, बुजवीन. माझे टमाटे ह्याच वाटेनं बाहेर येतील, आणि मी मेल्यावर माझी तिरडीसुद्धा तुमच्या बागेच्या कडेनंच जाईल.