रोटाचं फडकं
श्रावणात कानबाई देवीच्या रोटाचा, त्या प्रसादाच्या जाड पोळीचा गव्हा-तुपाचा वास सुटला, की माझं डोकं अजूनही तापतं. आमच्या चोपड्याच्या घरातून फौजी भाऊ शांतिसेनेबरोबर श्रीलंकेला लढायला निघाला, तेव्हा आईने फडक्यात रोटाचा तुकडा बांधून त्याच्या हातात दिला. थोरल्या काकांनी तो हिसकावला. "कानबाईना रोट घरना बाहेर जास नही!" तुकडा गायीपुढे टाकला आणि तुपकट फडकं तेवढं परत दिलं. भाऊ परतल्यावर म्हणाला, "गोळीबार थांबला की ते फडकं नाकाशी धरायचो." वास कधीच उडून गेला होता, तरी धरायचा. आणि परवा याच काकांनी अमेरिकेतल्या नातवाला कुरिअरने रोट पाठवला. वर मलाच विचारतात, "इतला लांब नरम राही ना रे?"