गुरुवारी सकाळी सात चाळीस

बॅग मी रविवारी दुपारी भरायला घेतली. अडतिसावा आठवडा पूर्ण होत आला होता आणि हॉस्पिटलने दिलेली यादी महिनाभर फ्रिजवर चिकटवलेली होती. पुढून उघडणारे दोन गाऊन, पॅड्स, चपला, टॉवेल, बाळाची झबली, लंगोट, दुपटी, टोपडी, आधार कार्डाच्या झेरॉक्स. मी तळोज्याला एका रंगाच्या कंपनीत लॅबमध्ये काम करते. सहा वर्षं बाटल्यांना लेबलं लावून हाताला तीच सवय लागलीय. म्हणून झिपच्या पिशव्या आणल्या होत्या आणि प्रत्येकीवर मार्करने लिहिलं होतं: 'कळा सुरू झाल्यावर', 'बाळ झाल्यावर', 'घरी येताना'. जमिनीवर बसता येत नव्हतं, त्यामुळे सगळं पलंगावर पसरून मी उभ्यानेच भरत होते. सासूबाईंच्या मते बाळ व्हायच्या आधी नवीन कपडे आणायचे नसतात. म्हणून भाच्याची जुनी झबली दोनदा धुऊन वाळवली होती. मला ती आवडली होती. खरं तर तासभर मी फार खुशीत होते.

तेवढ्यात नणंदेचा फोन आला. ती ऐरोलीला असते.

"वहिनी, गुरुवारी मी सुट्टी टाकलीय. सात चाळीसच्या आत पोचायला मला घरून किती वाजता निघावं लागेल?"

"कुठे पोचायला?"

 ती हळूच म्हणाली, "दादाने तुला सांगितलं नाही?"

मी म्हटलं, नाही. तिने फोन ठेवायची घाई केली, पण मी ठेवू दिला नाही. तिच्याकडूनच मला कळलं, की माझं सिझर गुरुवारी सकाळी ठरलंय. सासऱ्यांनी ज्योतिषाला पत्रिका दाखवून वेळ काढून आणली होती, सात चाळीस ते आठ वीस. नवऱ्याने डॉक्टरांना फोन करून ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, बुक केलं होतं. नणंदेने सुट्टी घेतली होती, चुलत दिराने गाडी धुवायला टाकली होती. फक्त जिचं पोट कापायचं होतं तिला कुणी कळवलं नव्हतं.

नवरा हॉलमध्ये मॅच बघत होता. कळंबोलीच्या लोखंड बाजारात तो एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे. आठवडाभर ट्रकवाल्यांशी घसा फोडून बोलतो, त्यामुळे घरी त्याचा आवाज फार हळू असतो. लग्नाआधी मला त्याची तीच गोष्ट आवडली होती. मी टीव्हीसमोर जाऊन उभी राहिले.

"गुरुवारी काय आहे?"

त्याने रिमोट खाली ठेवला. "मी आज सांगणारच होतो."

"आज का? टेबलवर घेतल्यावर सांगायचं होतं."

"तू टेन्शन घेशील म्हणून थांबलो. आणि हल्ली सगळ्यांचंच सिझर होतं. आज ना उद्या व्हायचंच आहे, तर चांगल्या वेळेला होऊ दे, एवढंच."

"डॉक्टरांनी सांगितलं होतं मला सिझर लागेल म्हणून?"

"नाही. पण त्या हो म्हणाल्या."

"कुणाला हो म्हणाल्या?"

त्याने रिमोट परत उचलला. आवाज ऐकून सासरे आतून आले. ते मूळचे खाडीकाठच्या गावातले. भाताची जमीन नव्या शहरासाठी सरकारने घेतली, तिच्या बदल्यात करंजाड्यात प्लॉट मिळाला आणि त्यावर आम्ही राहतो ती चार मजली बिल्डिंग उभी राहिली. वरचे मजले भाड्याने आहेत. घरात कुठली गोष्ट कधी करायची हे त्यांनी ठरवायचं, अशी पद्धत आहे. ते वाईट माणूस नाहीत. मला डोहाळे लागले होते तेव्हा रोज सकाळी बाजारातून ताजी मासळी आणून स्वतः साफ करून देत होते. पण त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते मुलाशी बोलले.

"तिला सांग, पुढं वीस दिवस चांगला योग नाय. गुरुवार सकालचा येवराच टायम हाय."

मी म्हटलं, "बाबा, मी इथेच उभी आहे."

"तुज्या पोराच्याच भल्यासाठी चाललंय ना," ते म्हणाले, आणि आत गेले. विषय संपला. मी खोलीत येऊन पाहिलं, तर माझ्या फाइलमध्ये, शेवटच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टच्या वर, हळदीकुंकवाचं बोट लावलेला एक कागद खोचला होता. त्यावर वार, वेळ, आणि खाली दोन अक्षरं लिहिलेली होती, बाळाच्या नावासाठी. तो कागद कधी ठेवला गेला मला माहीत नाही. माझी फाइल माझ्या कपाटात असते.

सोमवारी सकाळी नवरा कामावर गेल्यावर मी रिक्षा केली आणि खारघरला हॉस्पिटलात गेले. अपॉइंटमेंट नव्हती. दीड तास बसले. समोरच्या भिंतीवर हसऱ्या बाळांचे फोटो होते, त्यातलं एकही आपल्याकडचं वाटत नव्हतं. पाय सुजून चपलेचे पट्टे रुतले होते आणि डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, कुणाला हो म्हणाल्या.

डॉक्टरबाई माझ्या आईच्या वयाच्या. सात महिने मी त्यांच्याकडेच जात होते. मी बसायच्या आधीच विचारलं, "मला सिझरची गरज आहे का?"

त्यांनी फाइल उघडली, पोट तपासलं, ठोके ऐकवले. "बाळ खाली डोकं करून आहे. पाणी व्यवस्थित आहे. बीपी नॉर्मल. आज तरी गरज नाही."

"मग गुरुवारचं ओटी कसं बुक झालं?"

"तुमच्या मिस्टरांचा फोन आला होता. ते म्हणाले, घरात सगळ्यांची तयारी आहे."

"सगळ्यांमध्ये मी नव्हते."

त्यांनी चष्मा काढला. "हे बघा, आठवड्याला दोन तरी घरं अशी वेळ घेऊन येतात. आम्ही नाही म्हटलं तर ते दुसरीकडे जातात. बाळाचे दिवस भरलेले असले की आम्ही करतो. तुम्ही आलात, बरं केलंत. पण मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"तुम्ही मला एक फोन करायचा होता," मी म्हटलं. "माझा नंबर फाइलवर पहिल्याच पानावर आहे."

 एरवी मी डॉक्टरांशी अशी बोलत नाही. माझा आवाज चढला होता आणि दारातली नर्स आत डोकावून गेली होती. डॉक्टरांनी पेन उघडलं, फाइलवर लिहिलं, 'कळांची वाट पाहायची', आणि खाली सही केली. मग म्हणाल्या, "कुठल्याही क्षणी बाळाला त्रास झाला तर मात्र मी थांबणार नाही." मी म्हटलं, तेव्हा मला सांगा, मी स्वतः सही करीन.

खाली पार्किंगच्या कठड्यावर बसून मी आईला फोन लावला. आई कऱ्हाडला असते, बाळंतपणासाठी शुक्रवारी येणार होती. मला वाटलं होतं ती ऐकून पेटून उठेल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, मग होऊन जाऊ दे की गुरुवारी. मी बुधवारी निघते."

"आई, मला न विचारता ठरवलंय त्यांनी."

"मला तरी कुठं कुणी काय विचारलं होतं? त्यांचं घर आहे. उद्या पोराला काही दुखलं-खुपलं, तर आयुष्यभर म्हणतील, हिने मुहूर्त घालवला. तुला तिथंच राहायचंय."

"पोट माझं आहे."

"असू दे की. कुणी पळवून नेत नाही."

मी फोन कापला. आईचा फोन मी त्याआधी कधी कापला नव्हता. सासऱ्यांचा राग आला होता, नवऱ्याचा आला होता, पण तो राग मला पेलत होता. आईचा राग आला तेव्हा बराच वेळ रिक्षाला हात करायचंही सुचलं नाही.

संध्याकाळी सगळे चहाला बसल्यावर मी सांगितलं. "गुरुवारी मी हॉस्पिटलला जाणार नाही. डॉक्टरांशी बोलून आले. ओटी कॅन्सल केलंय. कळा आल्या की जाऊ."

सासऱ्यांनी कप तसाच ठेवला आणि उठून खाली गेले. नवरा म्हणाला, "बाबांचा मान तरी ठेवायचास."

"आणि माझा?"

"तू प्रत्येक गोष्ट अशी घेतेस."

मी त्याला म्हटलं, "बाजारात पत्र्याची एक कॉइल उतरवायची असली तरी तू पार्टीला फोन करून विचारतोस. मला विचारायचं तुला सुचलं नाही, की भीती वाटली? एक काहीतरी सांग." तो खिडकीबाहेर बघत राहिला. मला अजूनही वाटतं, त्याने त्या क्षणी 'भीती वाटली' असं म्हटलं असतं, तरी मी अर्धी शांत झाले असते.

थोड्या वेळाने सासूबाई खोलीत आल्या. हातात जुन्या सुती लुगड्याचे फाडलेले मऊ तुकडे होते, घड्या घातलेले. त्यांनी ते बॅगेत ठेवले. लेबलं त्यांना वाचता येत नाहीत, त्यामुळे कुठल्यातरी पिशवीत घातले. मग पलंगाच्या कडेला बसल्या.

"माजी चार झाली," त्या म्हणाल्या. "मला कोनी कदी इचारला नाय. म्हनून मी पन तुला इचारला नाय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"होता."

एवढंच. माफी नाही, समजूत नाही. त्या गुडघ्यावर हात टेकून उठून गेल्या. मी फाइलमधला तो हळदीकुंकवाचा कागद काढून देवघरात ठेवला, बॅगेची चेन लावली आणि बॅग माझ्या बाजूला, भिंतीकडे ओढून घेतली.

 गुरुवारी सकाळी साडेसातला मी पोहे परतत होते. सात चाळीस झाले, आठ झाले, आठ वीस झाले. सासरे पेपर धरून बसले होते, पान उलटलं नाही. मला जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही. माझ्या स्वयंपाकघरात मी चोरासारखी उभी आहे असं वाटलं, आणि त्या वाटण्याचाही राग आला. शुक्रवारी आई आली. आम्ही दोघी बाळंतविडा, डिंक, खारीक असल्याच विषयांवर बोललो.

पुढच्या बुधवारी सकाळी सहाला पाणी गेलं. नवरा लवकरच्या लोडिंगसाठी निघून गेला होता. गाडी सासऱ्यांनी काढली. मी मागे, एका बाजूला आई, दुसरीकडे बॅग. कळंबोली सर्कलला ट्रेलर आडवा लागला होता आणि गाड्या अडकल्या होत्या. मला कळ आली की मी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरत होते. सासरे खाली उतरले, हात वर करून ट्रकवाल्यांवर ओरडले, एकेकाला मागे घ्यायला लावून गाडीपुरती वाट केली. परत बसले तेव्हा आरशात माझ्याकडे बघून म्हणाले, "धर. पोचतोच." दहा दिवसांत ते माझ्याशी बोललेले पहिले शब्द. मला तेव्हा त्यांच्याबद्दल कृतज्ञता वाटली, आणि आताही वाटते. रागात त्याने काही फरक पडला नाही. दोन्ही गोष्टी एकाच गाडीत बसल्या होत्या.

दिवसभर कळा दिल्या. नवरा नऊला पोचला आणि कंबर दाबत राहिला. चार वाजता बाळाचे ठोके घसरायला लागले. डॉक्टरबाई आल्या, मशीनमधून आलेली कागदी पट्टी माझ्यासमोर धरली, रेघ कुठे खाली आलीय ते बोटाने दाखवलं. "आता थांबणं बरोबर नाही. सिझर करावं लागेल. तुमची तयारी आहे?"

"तुमची" म्हणताना त्या माझ्याकडे बघत होत्या. नवरा बाजूला उभा होता, कागद त्याच्या हाताशी होता, पण त्यांनी तो मला दिला. मी वेडीवाकडी सही केली. पाचच्या सुमारास मुलगी झाली, पावणेतीन किलोची, आणि लगेच रडली.

आणि मग सुरू झालं. पहिल्या दिवशी चुलत सासू म्हणाली, "शेवटी तेच झालं ना." दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा मित्र म्हणाला, हसत. शेजारची बाई म्हणाली. आईसुद्धा, माझे केस विंचरताना, "शेवटी टाके पडलेच की गं," म्हणाली. मी उत्तरं देत नव्हते, कारण हसलं किंवा जोरात बोललं की टाके ओढायचे. पाचव्या दिवशी, घरी जायच्या आधी, सासऱ्यांनीही म्हटलं, "तेच व्हायचा होता, तर वेलेला झाला असता."

मी त्यांना डिस्चार्जचा कागद दाखवला. "बाबा, यात कारण लिहिलंय. बाळाचे ठोके कमी झाले, म्हणून. गुरुवारच्या कागदावर काय कारण लिहिलं असतं?"

त्यांनी कागद हातात घेतला, दूर धरून पाहिला, परत दिला. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही हे मला माहीत होतं. तरी मी दाखवला. त्या दिवशी मी इतकी चिडलेली होते.

मुलगी आता सव्वादोन वर्षांची आहे. आजोबांच्या मांडीवर बसून मासळीचे काटे काढून घेते. हे सगळं मी मैत्रिणींना सांगते तेव्हा त्या म्हणतात, सोड ना आता, बाळ सुखरूप आहे ना. बाळ सुखरूप आहे. दोन सिझरमधला फरक त्यांनाही नीट कळत नाही, याचा मला परत राग येतो. एकात मला कुणीतरी विचारलं होतं आणि दुसऱ्यात माझी फक्त वेळ पाहिली होती.

गेल्या महिन्यात गच्चीवर वाळलेल्या चादरी काढताना नवरा अचानक म्हणाला, "तेव्हा मी तुला विचारायला हवं होतं."

"हो," मी म्हटलं.

तो थांबला. मी 'जाऊ दे' म्हणेन अशी वाट बघत असावा. मी चादरीची दोन टोकं त्याच्या हातात दिली आणि आम्ही घडी घालायला लागलो.