दोन अ‍ॅम्प्लिफायर आणि माझा डावा कान

२००७-०८चा सुमार असेल. मालवणात माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. भजनी मंडळांचे आणि दशावतारी कंपन्यांचे स्पीकर माझ्याच हातून जायचे. याचा कान तयार आहे, असं लोक म्हणायचे आणि मला ते खरं वाटायचं.

मला शाळेत शिकवलेल्या टीचर निवृत्त होऊन चर्चजवळच्या घरात एकट्या राहत. चर्चमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं व्हायोलिन वाजवलं होतं. त्यांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर खाऱ्या हवेनं गंजून बंद पडला, तेव्हा मुलानं मस्कतहून नवा पाठवला. क्लास डी जातीचा, ओंजळीत मावेल एवढा. जड ट्रान्सफॉर्मर नाही, तापणं नाही. मीही तशाच जातीचा बोर्ड मुंबईहून आणून एका डब्यात बसवला होता. माझाच सरस ठरणार, याची मला खात्री होती.

एका रविवारी, सकाळची प्रार्थना आटोपल्यावर, दोन्ही त्यांच्या जुन्या स्पीकरना आळीपाळीनं जोडले. एकाचा आवाज मोठा असला की तोच चांगला वाटतो, म्हणून मीटर लावून दोन्हींचा आवाज सारखा केला. टीचर डोळे मिटून बसल्या. व्हायोलिनची तबकडी सुरू झाली.

"पयलो बरो आसा," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यात तारेवर बारीक वाळू पडल्यासारखी वाटता."

दुसरा माझा होता. मला तर दोन्ही अगदी सारखेच वाटत होते. मुलानं पाठवलेला म्हणून कौतुक करतायत, असं माझ्या मनात आलं. मी त्यांच्या पाठीमागे जाऊन वायर बदलू लागलो. कधी खरंच बदलायचो, कधी नुसती खुडबुड करायचो.

"ह्यो वाळयेचो."

"ह्यो पण तोच. बदललंसच नाय तू."

"आता पयलो."

एकदाही त्या चुकल्या नाहीत. सात-आठ वेळा असंच झालं. काहीतरी कारण सांगून मी डबा उचलला आणि दुकानात आलो.

शटर अर्धं ओढून सूर काढणारं यंत्र छोट्या स्पीकरला जोडलं. एकेक कान तपासावा म्हणून आधी उजव्या कानात कापसाचा बोळा कोंबला आणि सूर हळूहळू चढवत नेला. एका जागी तो थांबला. वायर निघाली असेल म्हणून मीटरकडे पाहिलं, तर काटा डोलत होता. सूर वाजतच होता. पायरीवर झोपलेल्या कुत्र्यानं मान वर केली, कान टवकारले आणि तो थेट स्पीकरकडे बघत राहिला. त्या खोलीत काहीतरी वाजत होतं आणि ते फक्त मला ऐकू येत नव्हतं.

माझे वडील ट्रॉलरवर इंजिन सांभाळायचे. पन्नाशीतच त्यांना ऐकू येईनासं झालं. पुढे ते ओट्यावर बसत आणि सगळे हसले की क्षणभर उशिरा हसत. आम्ही मुलं त्याचीही चेष्टा करायचो. आता घरात कुणी हसलं की मी आधी स्वतःलाच तपासायचो: मला विनोद कळला होता, की मी त्यांची तोंडं बघून हसलो?

दोन महिने मी हे कुणालाही सांगितलं नाही. दुकानात आलेला प्रत्येक स्पीकर हातात घेताना भीती वाटे. एका भजनी बुवांनी वर्षभरापूर्वी "आवाज कानात टोचता" अशी तक्रार केली होती. मी त्यांना मोठ्या तोऱ्यात परत पाठवलं होतं. असे किती आवाज मी बिघडवून ठेवले असतील, हा हिशेब मनातून जात नव्हता.

शेवटी कुणाला न सांगता कणकवलीला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. काचेच्या बंद खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवले. सूर ऐकू आला की बटण दाबायचं. सुरुवातीला भराभर दाबलं. मग शांतता पसरली. ती खरी शांतता होती की माझी, हे समजायला मार्ग नव्हता. काचेपलीकडे तपासणाऱ्या बाईंचा हात यंत्रावर फिरताना दिसत होता. मी एकदा ऐकू न येताच बटण दाबलं. बाईंनी वर पाहून नकाराची मान हलवली.

"डाव्या कानाचे वरचे सूर गेलेत, उजव्याचेही थोडे," डॉक्टर म्हणाले. "गेलं ते येणार नाही. पण मोठ्या स्पीकरपाशी उभं राहणं आजपासून थांबवलंत, तर उरलंय ते टिकेल."

परतताना थेट टीचरांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. त्या जराही चकित झाल्या नाहीत.

"वरीस झाला, तू माझ्याकडे उजवो कान करून बसतंस," त्या म्हणाल्या. "माका वाटला, तुका म्हायत आसा."

म्हणजे गावात आणखी कितीजणांना हे दिसलं होतं?

मग त्यांनीच विचारलं, "ती वाळू खंयसून येता, ता सांग."

मी विचार करायला लागलो. या जातीच्या अ‍ॅम्प्लिफायरला शेवटी एक गाळणी असते, कॉइल आणि कपॅसिटरची, नको तो गोंगाट अडवणारी. माझ्या बोर्डाची गाळणी चार ओहमच्या स्पीकरसाठी होती आणि टीचरांचे स्पीकर आठ ओहमचे. त्यामुळे वरचे सूर फुगत होते, तीच ती वाळू. कागदावर हे मला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं. पण मी बोर्डाबरोबर आलेला माहितीचा कागद पाहिलाच नव्हता, कानावर भिस्त ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी कॉइल बदलून डबा परत नेला. टीचरांनी डोळे मिटले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो.

"गेली," त्या म्हणाल्या. "आता तुझोच बरो."

मला काहीच फरक ऐकू आला नव्हता. मी मान डोलावली, आणि मग मुद्दाम तोंडानं सांगितलं, "टीचर, माका फरक नाय कळलो." समोर आवाज वाजत असताना असं कबूल करायची ती माझी पहिलीच वेळ.

आठवड्याभरात त्या भजनी बुवांकडे गेलो. "तुमचो स्पीकर परत बघतंय," म्हटलं, "पण टोचता की नाय, ता तुमी सांगायचा."